गाळलेली ओळ

मी खण बोलतोय. टेबल नव्हे, टेबलाचा खण. लोक टेबलावर कोपरं टेकतात, चहाचा कप ठेवतात, त्याला पुसतात. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. पण चारचौघांच्या नजरेला पडू नये असं माणसाला जे जे वाटतं, ते सगळं माझ्यातच येऊन पडतं. त्यामुळे एके काळी मला स्वतःचा फार अभिमान होता. आता नाही.

माझ्या हातून एक अपराध झाला आहे. तुम्ही म्हणाल, खणाला कुठले हात? खरंय. पण विश्वासानं ठेवलेली वस्तू आपल्याकडून गेली, तर आपल्याला हात नव्हते ही काही सबब होत नाही. निदान मला तरी ती सबब पुरत नाही. म्हणून सगळं सांगून टाकतो.

माझं लाकूड मलबारचं सागवान. कुवेतच्या एका मोठ्या गलबताच्या तळाची फळी म्हणून मी तीस-बत्तीस वर्षं समुद्रात काढली. जाताना बसऱ्याचा खजूर, येताना मलबारचं लाकूड आणि काथ्या. मग इथं तेलाची भरभराट झाली, आणि ज्यांची गलबतं होती त्यांनी मोटारी घेतल्या. आमचं गलबत शुवैखच्या किनाऱ्यावर उन्हात पडून राहिलं आणि शेवटी फोडून विकलं गेलं. माझ्या बरोबरीच्या फळ्या भट्ट्यांत गेल्या. मला मात्र एका माणसानं बोटानं टकटक वाजवून पाहिलं आणि बाजूला काढलं.

तो नूरुद्दीन. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा सुतार. इथले लोक त्याला नज्जार म्हणून हाक मारायचे. शुवैखच्या एका वर्कशॉपात तो कामाला होता. अंगानं आडवा, बोलायला कमी. उजव्या पायाच्या अंगठ्यावर पटाशी पडून झालेला लांब वण होता. एकोणीसशे अठ्ठावन्न साल असेल. त्यानं मला पहिल्यांदा रंधा मारला, तेव्हा माझ्यातून मिठाची पांढरी भुकटी उडाली. त्यानं ती जिभेला लावून बघितली आणि हसला.

"आजून समुद्र हाय ह्याच्यात," तो म्हणाला.

टेबलाचं बाकीचं अंग त्यानं मशिनरीच्या खोक्यांच्या फळ्यांतून जुळवलं. सागवानी काय तो मी एकटाच. मला पितळेचं छोटं कुलूप लावलं, आणि ते सगळं डोक्यावर घेऊन तो चालत खोलीवर आला. टेबल त्याच्यासाठी नव्हतंच. तो निरक्षर माणूस, त्याला टेबल कशाला हवं? त्यानं ते यूसुफसाठी केलं होतं.

यूसुफ शेजारच्या गावचा. चोवीस-पंचवीस वर्षांचा, मॅट्रिक झालेला, बंदरावरच्या गोदामात कारकून. खोलीत रत्नागिरीकडचे सहाजण राहायचे, सगळे एका सतरंजीवर झोपायचे, एका थाळ्यात जेवायचे. त्या सहाजणांत धड लिहिता-वाचता येणारा त्या वेळी तो एकटाच होता. आणि त्या वर्षी त्यानं अहमदीच्या संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं होतं.

त्या कॉलेजबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. अहमदी म्हणजे तेल कंपनीचं गाव. तिथं काही शिक्षक मंडळींनी एक रिकामा हॉल मिळवला आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग काढले. कुणी हिशेब शिकायचं, कुणी टायपिंग. यूसुफनं धरलं साहित्य आणि लेखन, तेही इंग्रजीतून. खोलीतले सगळे हसले. पण यूसुफच्या मनात पक्कं होतं: चार वर्षांनी दाखला मिळवायचा, गावाकडे हायस्कुलात मास्तर व्हायचं, आणि जमलं तर लेखक. आठवड्यातून दोनदा तो काम सुटल्यावर मिळेल त्या लॉरीत बसून तिकडे जायचा आणि धुळीनं पांढरा होऊन परत यायचा.

हसला नाही तो एकटा नूरुद्दीन. "शिकतोय त बसाया जागा नको त्याला?" म्हणाला, आणि टेबल आणून ठेवलं.

बदल्यात त्यानं काही मागितलं नाही. पण सगळ्यांनी आपली पत्रं माझ्यात ठेवायची असं आपोआप ठरून गेलं, कारण खोलीत कुलूप असलेली दुसरी जागाच नव्हती. किल्ली यूसुफच्या गळ्यात. गावाहून पत्र आलं की ज्याचं असेल तो जेवण झाल्यावर यूसुफच्या समोर मांडी घालून बसायचा. यूसुफ पत्र वाचून दाखवायचा, उत्तर सांगेल तसं लिहून घ्यायचा, आणि आलेलं पत्र माझ्यात जायचं. बाकीचे तेवढा वेळ उगाच मोठ्यानं गप्पा मारायचे. आपण ऐकत नाही हे दाखवायची ती त्यांची पद्धत होती.

त्या गावांत आणखी एक रीत होती. परमुलखात पत्र गेलं की ते कुणीतरी तिसराच वाचणार, हे बायकांना ठाऊक असायचं. म्हणून पत्राच्या शेवटी त्या तिसऱ्यासाठीही एक ओळ असायची: 'वाचणाऱ्या भावाला सलाम. वाचून विसरावे.' यूसुफ ती ओळसुद्धा मोठ्यानं वाचायचा, आणि कपाळाला हात लावून सलाम घ्यायचा. मला ते फार आवडायचं. तो सलाम थोडासा मलाही आहे असं मी धरून चाललो होतो.

नूरुद्दीनच्या बायकोचं नाव खतिजा. ती गावातल्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे पत्र स्वतः लिहायची. अक्षर वाकडं, पण सांगणं सरळ. नवऱ्याचं नाव कसं लिहायचं? म्हणून मुलीच्या नावानं सुरुवात: 'शरीफाच्या अब्बांना सलाम.' मग छपराची कौलं, शेळी, सासूबाईंचे गुडघे, आणि मध्येच एखादं वाक्य असं, की यूसुफचा आवाज तिथं जरा हळू व्हायचा. 'शरीफा तुमच्या फोटोला मामा म्हणते. मी सांगून थकले.' ह्यावर नूरुद्दीन पोट धरून हसला होता. नंतर चूळ भरायला म्हणून बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही.

कागद माझ्यात आला की मला तो कळतो. कसा, ते विचारू नका. मीठ ओल ओढून घेतं, तसंच काहीतरी असावं. मिठामुळेच माझं एक दुखणंही होतं. दमट वारा सुटला की मी फुगायचो आणि अडकून बसायचो. यूसुफ ओढून ओढून घामाघूम व्हायचा. मग नूरुद्दीन उठायचा, खालून तळव्यानं एक ठोका द्यायचा, आणि मी मुकाट्यानं उघडायचो. बापाचा हात मुलाला कळतो, त्यात नवल काय?

यूसुफच्या वह्यासुद्धा माझ्यातच असायच्या. त्यामुळे साहित्याचा अभ्यास माझाही झाला. लेखन शिकवायला एक पॅलेस्टिनी मास्तर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उस्ताद फारसं रागवत नसत, पण त्यांची लाल शाई कुणाला सोडत नसे. यूसुफनं पहिल्या वर्षी सूर्यास्तावर लिहिलं, दुसऱ्या वर्षी बर्फावर. बर्फ त्यानं मासळी बाजाराबाहेर कुठं पाहिला होता देव जाणे. उस्तादांनी खाली लिहिलं, 'हे तू पुस्तकात पाहिलंस. तुझ्या खोलीत काय आहे?' यूसुफ चिडला. खोलीत काय असणार? सहा माणसं, एक स्टोव्ह आणि खुबूस रोटीचे तुकडे. त्याच्यावर कुणी साहित्य लिहितं का, असं तो टेबलाशी बसून पुटपुटायचा. गुण काठावरचे मिळायचे. आपल्याला येत नाही, ही भीती त्याच्या मनात बसली होती, आणि ती मला वहीच्या खोडाखोडीतून कळायची.

असं करत साठ साल उजाडलं. नूरुद्दीनला गावाला जाऊन चार वर्षं झाली होती. दर वर्षी जायचं ठरायचं आणि राहायचं. त्या वर्षीही वर्कशॉपात मोठं काम आलं आणि सुट्टी पुढे गेली. तसं त्यानं कळवलं, आणि महिन्याभरानं खतिजाचं पत्र आलं.

यूसुफ नेहमीसारखा वाचायला बसला. सलाम झाला, कौलं झाली. मग लिहिलं होतं, 'खाडीवर तरीची होडी लागली की मी उतरणाऱ्यांचे पाय बघते. तुमचा पटाशीचा वण मला आठवतो.' नूरुद्दीननं आपला अंगठा हातात धरला. यूसुफ पुढे वाचणार तोच थांबला. खोकला. पाणी प्यायला. आणि मग थेट सासूबाईंच्या औषधावर आला.

पत्र माझ्यात आलं तेव्हा मला कळलं, मधल्या ओळी त्यानं गाळल्या होत्या. त्या अशा होत्या: 'तुम्ही यंदाही येत नाही हे कळलं तेव्हा मला रडू आलं नाही. मला हायसं वाटलं. वण आठवतो पण तुमचा चेहरा आता नीट आठवत नाही. अनोळखी माणसाला ताट वाढायची मला भीती वाटते. हे तुम्हाला सांगितलं नाही तर मी कुणाला सांगू?'

खरं सांगतो, मला तेव्हा यूसुफचं कौतुकच वाटलं. मुलगा शहाणा आहे, म्हटलं. उगाच त्या बिचाऱ्या सुताराला कशाला जखम? मी अशा गोष्टी पोटात ठेवण्यासाठीच तर होतो.

पण नूरुद्दीननं त्या पत्राचं उत्तर सांगितलं, ते त्यानं ऐकलेल्या पत्राचं. कौलं कोणती घ्यायची, शेळी विकू नकोस, औषध वेळेवर दे, शरीफाला माझा मुका सांग. यूसुफनं ते इमानदारीनं उतरून घेतलं. ते वाचून खतिजाला काय वाटलं असेल, ह्याचा विचार यूसुफनं केला नाही. मीही केला नाही. आपण एवढं काळीज उघडून ठेवलं आणि नवऱ्यानं कौलांचं उत्तर दिलं, असंच तिला वाटणार ना? त्यानंतर तिची पत्रं पातळ होत गेली. चार पानांची दोन झाली, दोनाचं एक. नूरुद्दीन म्हणायचा, "काम वाढलं आसंल तिचं." मी सगळी पत्रं एकावर एक धरून होतो आणि मला खरं कारण माहीत होतं.

त्या वर्षीच्या अखेरच्या निबंधासाठी उस्तादांनी विषय दिला, 'जे कुणाला सांगता येत नाही ते.' सर्वांत चांगला निबंध कॉलेजच्या वार्षिकात छापणार होते. यूसुफ तीन शुक्रवार टेबलाशी बसला. वहीत चार ओळी लिहायच्या आणि फाडायच्या. तिसऱ्या शुक्रवारी बाकीचे दस्मानच्या बाजूला समुद्रावर गेले होते. दोन दिवस शमाल सुटला होता. हा वारा वाळवंटातून येतो, तोंडातली थुंकीसुद्धा वाळवतो. माझं अंग आक्रसून सैल झालं होतं.

यूसुफनं गळ्यातली किल्ली काढली. कुलूप उघडलं आणि हात मागे घेतला.  मग त्यानं एका बोटानं मला ओढलं आणि मी सरळ उघडलो.

अडकायचं होतं तर तेव्हा. एरवी मी अर्धा अर्धा तास हलत नसे, आणि त्या दिवशी एका बोटानं उघडलो. हवेचा दोष म्हणून मी हे पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे. पण मनातलं सांगतो, मला उघडायचंच होतं. तीन शुक्रवार त्या मुलाची तगमग मी बघत होतो. त्याला गुण मिळावेत, उस्तादांनी एकदा तरी 'छान' म्हणावं, असं मलाही वाटत होतं. माझ्या पोटातलं काहीतरी छापून यावं, असंही वाटत होतं.

यूसुफनं खतिजाचं पत्र पुढ्यात ठेवलं आणि लिहायला लागला. संध्याकाळपर्यंत उठला नाही. बाईचं नाव बदललं, गाव बदललं, मामाच्या जागी चाचा केलं. बाकी सगळं तिचंच. ती 'हायसं वाटलं'ची ओळ तर त्यानं शब्दाला शब्द इंग्रजीत नेली.

पंधरा दिवसांनी वही परत आली. पहिल्यांदाच त्यात खोडाखोड नव्हती. त्या ओळीखाली मात्र लाल शाईची एक रेघ होती आणि समासात प्रश्न, 'हे वाक्य कुठून आलं?' यूसुफनं त्या दिवशी अहमदीहून आल्या आल्या नूरुद्दीनला सांगितलं, की उस्तादांनी वर्गात तेच विचारलं होतं. "मग तू काय बोल्लास?" नूरुद्दीननं कौतुकानं विचारलं.

"माज्या मनातून, असं बोल्लो," यूसुफ म्हणाला.

"बराबर बोल्लास," नूरुद्दीन म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

निबंध वार्षिकात छापून आला. इंग्रजी, त्यामुळे खोलीत कुणाला वाचता आला नाही, आणि बात तिथंच राहिली असती. पण यूसुफला आता लेखक झाल्यासारखं वाटत होतं. त्यानं तीच गोष्ट मराठीत करून मुंबईच्या एका मासिकाला पाठवली. मराठीत करायला कष्ट कसले? त्यानं मला उघडलं आणि खतिजाचे शब्द होते तसे परत घेतले. एकसष्ट साली, ज्या वर्षी कुवेत स्वतंत्र झालं आणि नवी नाणी आली, त्या वर्षीच्या हिवाळ्यात ती गोष्ट छापली गेली. मासिकानं चार अंक पाठवले. एक यूसुफनं आपल्या घरी पाठवला. दुसरा, त्याला आनंद आवरला नाही म्हणून, नूरुद्दीनच्या गावातल्या शाळेच्या मास्तरांना. त्याला वाटलं, मास्तर चार लोकांना वाचून दाखवतील, आपलं नाव होईल. उरलेले दोन माझ्यात आले, खतिजाच्या पत्रांच्या बरोबर वर.

खोलीत तोवर अशरफ नावाचा नवा फिटर राहायला आला होता. सातवी झालेला, आवाज खणखणीत. एका शुक्रवारी जेवणं झाल्यावर नूरुद्दीननंच विषय काढला. "आपला यूसुफ छापून आलाय आन आमी आजून ऐकला नाय. काढ तो अंक."

"ऱ्हाऊ दे नूरुद्दीनभाय," यूसुफ म्हणाला. "काय नाय त्यात."

"तू नको वाचूस, तुला लाज वाटंल. अशरफ वाचंल."

यूसुफला नाही म्हणता येईना. त्यानं अंक काढून दिला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. अशरफ वाचू लागला. सगळे ऐकत होते, नूरुद्दीन सगळ्यांत पुढे. फोटोला चाचा म्हणणारी मुलगी आली तेव्हा तो हसला. "माज्या शरीफासारखीच," म्हणाला. मग अशरफनं वाचलं, 'तरीची होडी लागली की ती उतरणाऱ्यांचे पाय बघायची. त्याच्या अंगठ्यावरचा पटाशीचा वण तिला आठवायचा.' नाव, गाव, नातं सगळं बदलणारा यूसुफ तेवढा वण बदलायला विसरला होता.

नूरुद्दीननं खाली आपल्या पायाकडे पाहिलं. मग बाकीच्यांनीही पाहिलं. अशरफचं लक्ष अंकात होतं, त्यामुळे तो तसाच पुढे वाचत गेला, आणि ती ओळ त्यानं त्या खणखणीत आवाजात सबंध खोलीला ऐकवली.

 नूरुद्दीन उठला, टेबलापाशी आला. किल्ली मागितली नाही. कुलूप उघडंच होतं. सगळी पत्रं त्यानं बाहेर काढली. त्याला अक्षर कळत नव्हतं, पण प्रत्येक पत्र केव्हा आलं हे त्याला कागदावरून ठाऊक होतं. नेमकं ते पत्र त्यानं अशरफसमोर धरलं.

"हे वाच. काय गालू नको."

अशरफ घाबरला. त्यानं यूसुफकडे पाहिलं, आणि मग वाचलं. पत्र संपलं, वाचणाऱ्या भावाचा सलामही वाचून झाला.

"हे माज्या पत्रात व्हतं?" नूरुद्दीननं विचारलं.

"व्हतं," यूसुफ म्हणाला.

"मना वाचून दावलं नायस."

"तुमाला वाईट वाटंल म्हणून, नूरुद्दीनभाय. देवाशपथ, तेवढ्यासाठीच."

"मना वाईट वाटंल म्हणून मना नाय सांगितलंस, आन सगल्या मुंबईला सांगितलंस?"

 यूसुफ हळूच म्हणाला, की एक अंक तुमच्या गावच्या शाळेतही गेलाय. गेल्या आठवड्याच्या आगबोटीनं. नूरुद्दीननं डोळे मिटले. मला वाटलं तो आता हात उचलेल. त्यानं हातातलं पत्र फक्त घडीवर घडी घालून खिशात ठेवलं. "वरीस झालं," तो म्हणाला. "वरीसभर तिला वाटत आसंल, मी वाचलं आन बोल्लो नाय. म्हणूनच तिची पत्रं आखडली." आणि मग तो सगळ्यांदेखत रडला. माझ्या फळीवर हात ठेवूनच रडत होता, आणि मला तो हात नकोसा झाला होता. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही.

अंक गावात पोचला. शाळेच्या पडवीत तो वाचला गेला, असं अशरफच्या भावानं कळवलं. खतिजा तिथं होती की नव्हती, ते त्यानं लिहिलं नव्हतं. खतिजाचं पत्र मात्र आलं नाही. एक महिना झाला, दोन झाले. अशरफ म्हणाला, तुम्ही सांगा, मी लिहून देतो. नूरुद्दीननं नकारानं मान हलवली. आता त्या दोघांच्या मध्ये तिसरा माणूस त्याला नको होता.

मग एके दिवशी कामावरून आल्यावर तो हातपाय धुऊन टेबलाशी येऊन बसला आणि यूसुफला म्हणाला, "मना लिवाया-वाचाया शिकव."

"मी?" यूसुफ म्हणाला. "अशरफला सांगा ना."

"तूच शिकव. मोडलंस तू, आता तूच सरल कर."

त्या दिवसापासून यूसुफचं अहमदीला जाणं सुटलं. शेवटचं वर्ष होतं, परीक्षा चार महिन्यांवर होती. एकदाच तो गेला, वही घेऊन. त्या निबंधाखाली त्यानं इंग्रजीत लिहिलं होतं, की हे वाक्य माझं नाही, ते खतिजा नावाच्या एका बाईचं आहे, आणि मी ते तिला न विचारता घेतलं. कुणाबरोबर तरी वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत उत्तर होतं: 'मी विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतंस. परीक्षेला ये.' यूसुफ गेला नाही. उस्तादांनी निरोप पाठवला, तरी गेला नाही.

रोज संध्याकाळी दोघं टेबलाशी बसायचे. तीन पाट्या फुटल्या. रंध्याची सवय असलेला हात पेन्सिल दाबून दाबून मोडायचा. 'ख' काढायला त्याला आठ दिवस लागले. यूसुफ कधी हात धरून वळवायचा, तर नूरुद्दीन हात सोडवून घ्यायचा. धड्यापलीकडे एक शब्द दोघं बोलत नसत. मला वाटायचं, आता तरी एकमेकांना शिव्या द्या, मोकळे व्हा. पण तसं काही झालं नाही. फक्त 'ख' झाला, 'त' झाला, वेलांट्या झाल्या.

उन्हाळ्यात नूरुद्दीननं पहिलं पत्र लिहिलं. सगळ्यांना बाहेर पाठवून, एका सबंध शुक्रवारी. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. त्यानं ते माझ्यात ठेवलंच नाही. जिभेनं पाकीट ओलं करून चिकटवलं आणि स्वतः पोस्टात टाकून आला.

त्यानंतर खोलीत माझं काम संपलंच. बाकीच्यांनी एकेक करून आपापली पत्रं काढून नेली. कुणी उशीखाली ठेवली, कुणी ट्रंकेत. मला दोष कुणी दिला नाही. खणाला कोण दोष देतो? यूसुफ लोकांची पत्रं लिहायचा थांबला, आणि गोष्टीही. सहासष्ट साली तो दुसऱ्या कंपनीत गेला तेव्हा टेबल एका गॅरेजवाल्याला देऊन टाकलं. हल्ली मी शुवैखच्या त्या गॅरेजात असतो. माझ्यात नट-बोल्ट, वायसर आणि तेलाचे बोळे ठेवतात. तेलानं माझं लाकूड चिकट झालंय. तक्रार नाही. बोल्टांना लपवण्यासारखं काही नसतं, त्यामुळे मला शांत झोप लागते.

मुलं कॉलेजात लिहायला शिकतात, उत्तम आहे. उस्तादांचं बरोबरच होतं. आपल्या खोलीत काय आहे ते बघावंच. पण खोलीत जे आहे ते कुणाचं तरी असतं. घेण्याआधी त्या माणसाला विचारा, एवढंच मला म्हणायचं आहे.

एक राहिलं. नूरुद्दीनच्या पत्राचं उत्तर आलं. पाकिटावर खतिजाचंच अक्षर होतं. नूरुद्दीन ते घेऊन दाराबाहेरच्या पायरीवर बसला. आतून त्याची पाठ तेवढी दिसत होती. बोट ओळीवरून सरकत होतं, ओठ हलत असावेत. तिसऱ्या प्रहराची, असरची अजान झाली तरी तो उठला नाही. एकदा तो हसल्यासारखा वाटला, पण पाठीवरून काय कळणार? पत्र संपल्यावर त्यानं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

आत आला आणि सामान बांधायला लागला. वर्कशॉपला रामराम ठोकला होता, आगबोटीचं तिकीट काढलं होतं. जायच्या दिवशी त्यानं मला शेवटचं उघडलं. खतिजाची उरलेली पत्रं काढून दोऱ्यानं बांधली, आणि मागे काही राहिलं नाही ना म्हणून माझ्या आतून कोपऱ्यापर्यंत हात फिरवला. यूसुफ मागे उभा होता. किती महिन्यांत धड्याशिवाय त्यानं तोंड उघडलं नव्हतं.

"नूरुद्दीनभाय," तो म्हणाला, "भाभीनं काय लिवलंय?"

नूरुद्दीननं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. "ते मना लिवलंय," तो म्हणाला, आणि मला बंद केलं.

खतिजाबाई, तुमची एक्केचाळीस पत्रं मी सांभाळली आणि त्यातलं एक सांभाळलं नाही. त्यानंतर तुम्ही काय लिहिलंत, ते मला आजही ठाऊक नाही. ठाऊक नाही हेच बरं आहे. जमलं तर मला माफ करा.